आक्काच्या पायाचं माप

टिळकवाडीतल्या त्या छोट्या जपानी हॉटेलात कुणी जेवून आलं की मला फोन येतो. साईनाथ, बसायची जागा काय केलीयस रे, दोन तास बसलो तरी पायाला मुंग्या आल्या नाहीत. मी बरं बरं म्हणतो आणि फोन ठेवतो. पूर्वी असलं कौतुक ऐकलं की मी समोरच्याकडून आणखी चार शब्द काढून घ्यायचो. आता कानाच्या पाळ्या गरम होतात. ती जागा माझ्या डोक्यातून आलेली नाही, ती माझ्या आक्काची आहे. आणि आक्काची स्वतःची जागा मी चौदा वर्षांपूर्वी बुजवून टाकली. हे एकदा नीट सांगून मोकळा होतो. मग कौतुक करायचं की थुंकायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आक्का म्हणजे चंद्राबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणायचे म्हणून मीही आक्काच म्हणतो. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत, महिन्यातून दोनदा यायचे. मला वाढवलं ते आक्कानं, शहापूरच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात. बाहेरच्या खोलीत खड्डामाग होता. जमिनीत गुडघाभर खड्डा, काठावर बसायचं, पाय आत सोडायचे. आत दोन पावड्या, म्हणजे पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्या. एक दाबली की निम्मे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले, आणि मधून धोटा इकडून तिकडे पळायचा. दिवसभर पाय चालू, हात चालू आणि तोंड बंद. साडी मागावरून उतरली की मगच आक्का बोलायची, आणि तेही अर्धंमुर्धं.

तो खड्डा मुळात तिच्या यजमानांसाठी खणलेला. ते उंच होते म्हणे, मी काही त्यांना पाहिलं नाही. ते वारल्यावर ही मागावर बसली तेव्हा पाय पावडीला पुरेनात. तिनं बेळगुंदीच्या शेतातून चिकणमातीच्या चार पाट्या आणल्या, खड्ड्याचा तळ चार बोटं वर घेतला आणि विणायला बसली. आमच्यात मागाचा खड्डा बसणाऱ्याच्या पायाचा असतो. दुसऱ्याच्या खड्ड्यात बसून कुणी विणत नाही, विणलं तर कंबर धरते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असून विसरलो, म्हणून तर हा सगळा घोळ झाला.

माझा इंटिरियरचा डिप्लोमा त्या मागावर झाला. डिप्लोमा झाला आणि मला घराची लाज वाटायला लागली. हे असंच आहे, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. रचनाचं स्थळ आलं तेव्हा तर मी नुसता तडफडत होतो. तिचे वडील बँकेत अधिकारी, हिंदवाडीत घर, घरात सगळं चकचकीत. ती माणसं आमच्याकडे येणार, आणि दारातून आत पाऊल टाकताच काय दिसणार, तर जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात बसलेली बाई. दुसऱ्यांची घरं सजवणाऱ्या पोराचं स्वतःचं घर हे असं. माझ्या डोळ्यासमोरून ते चित्र हलेना.

तेवढ्यात आक्काच्या नणंदेची मुलगी करिष्मा निपाणीला बाळंत झाली आणि आक्का पंधरा दिवस तिकडे गेली. मी संधी साधली. भरमा सुतार त्या वेळीही माझ्याकडेच होता, त्याला मागाचा सांगाडा उतरवायला सांगितला. तो म्हणाला, आक्काला इचारलंयस व्हय? मी त्याच्या अंगावर ओरडलो. माझं तोंड तेव्हाही असंच फटकळ होतं. भरमानं लाकडं सोडवली आणि घेऊन गेला. खड्ड्यात मी विटांचे तुकडे, सिमेंटची पोती, रंगाची रिकामी डबडी, हाताला लागेल ते टाकलं आणि वरून क्रीम रंगाच्या टाइल बसवल्या. चार दिवसांत खोली अशी झाली की मीच दारात उभा राहून बघत बसलो. पावड्या खालीच राहिल्या. खड्ड्यात उतरून त्या सोडवायच्या तर गुडघ्याला माती लागली असती.

आक्का परत आली. दारात चप्पल काढली, हातातली पिशवी तशीच धरून टाइलवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. म्हणाली, गुळगुळीत झालंय. मग पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, पावड्या कुठं ठेवल्यास? मी म्हटलं, जपून ठेवल्यात. तिनं मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेली.

रचनाच्या माणसांना मी सांगितलं की आक्काचे गुडघे गेले, म्हणून माग बंद केला. गल्लीत तेच सांगितलं, वडिलांना तेच सांगितलं, लग्न झाल्यावर रचनालाही तेच. चौदा वर्षं मी त्या बाईचे गुडघे तोंडानं दुखवत राहिलो. आक्कानं एकदाही मला खोटं पाडलं नाही. शेजारची राजाबाई औषधी तेल घेऊन आली तर तेही निमूट लावून घेतलं.

आता हॉटेलचं सांगतो. श्रिया म्हणून एक मुलगी, आठ वर्षं ओसाकात नोकरी करून परत आली. वडील, गोपाळ सर, इथे एकटेच, म्हणून आली. टिळकवाडीत त्यांच्याच बंगल्याच्या खाली सहाशे फूट जागा, तिथे तिला जपानी जेवणाचं छोटं हॉटेल काढायचं होतं. मी कॅटलॉग उघडला, लाल कंदील, भिंतीभर समुद्राची लाट, सगळं दाखवलं. तिनं शांतपणे कॅटलॉग मिटवून मला परत दिला. म्हणाली, हे असलं तिकडे कुणाच्या घरात नसतं. तिकडची जुनी घरं माती, लाकूड, कागद आणि कापडाची असतात, आणि ते सगळं इथेही मिळतं. इथलंच वापरून करा, फक्त आजचं दिसलं पाहिजे.

मला राग आला, पण काम करता करता तो उतरला. भिंतीला आम्ही चिकणमातीत भाताचं काड कालवून लिंपण केलं. सरकत्या दारांना सागवानाच्या बारीक पट्ट्या आणि मागे कागदाऐवजी शहापूरचं पांढरं सुती कापड, आतून दिवे लपवलेले. संध्याकाळी दिवे लावले की त्या कापडाचा धागा न् धागा दिसायचा. प्रवेशदाराला आखूड पडदा, जुन्या शहापुरी साडीच्या काठाचा. दसऱ्याला उद्घाटन ठरलं. भरमा खूष, श्रिया खूष आणि मी तर हवेतच.

अडलं ते बसायच्या जागेवर. जपान्यांच्यात बुटकं टेबल असतं आणि टेबलाखाली खड्डा. माणूस जमिनीवरच बसतो, पण पाय आत सोडून. त्याला एक लांबलचक जपानी नाव आहे, माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही. मी नेटवरून मापं काढली, सरळ भिंतीचे खड्डे केले, काठाला काळा ग्रॅनाइट लावला, पॉलिश असं की तोंड दिसावं. गोपाळ सर पहिल्यांदा बसले. अर्ध्या तासानं उठायला गेले तर पाय बधिर, टेबल धरलं नसतं तर पडलेच असते. खड्डा दोन इंच वर घेतला, तर गुडघे टेबलाला लागायला लागले. खाली घेतला, तर पाय लोंबकळायला लागले. दसरा तीन आठवड्यांवर आलेला. मी गवंड्यांना नाही नाही ते बोललो. आता आठवलं की वाटतं, त्यातलं निम्मं स्वतःला बोलायचं होतं.

भरमा कोपऱ्यात दाराला रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "ह्यो मागाचाच खड्डा न्हवं? चंद्राआक्काला इचारा की. जलम काढलाय तिनं खड्ड्यात."

श्रियानं लगेच विचारलं, या कोण? मी म्हटलं, माझी आत्या, पण वय झालंय, गुडघे गेलेत, तिला कशाला त्रास. माझ्या तोंडून ते इतकं सराईतपणे निघालं की मलाच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी साइटवर पोचतो तर तिच्या गाडीतून भरमा उतरतोय आणि मागून आक्का.

आक्कानं कुणी सांगायच्या आत उंबऱ्याबाहेर चप्पल काढली. आत आली, भिंतीला तळवा लावला, काड घातलंय, बरं केलंय म्हणाली. मग खड्ड्याशी गेली, लुगडं सावरलं आणि एका दमात काठावर बसून पाय आत सोडले. कण्हली नाही, कशाचा आधार घेतला नाही. ग्रॅनाइटच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि सांगायला सुरुवात केली. मी जन्मात तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. दगड काढा, लाकूड लावा, आणि कड गोल करा, मांडीखालची शीर तिथंच दबते. पुढची भिंत सरळ नको, खाली आत घ्या, टाच मागं सरकली की कंबर मोकळी होते. खड्ड्याची खोली मोजायची ती ढोपरापासून टाचेपर्यंत, वर चार बोटं सोडून. हरेकाचा पाय निराळा, तर तळाला उचलता येईल अशी फळी ठेवा. उंच माणूस आला की काढा, बुटका आला की घाला. श्रिया वहीत उतरवत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझं लक्ष आक्काच्या पायांकडे गेलं. बोलता बोलता तिचे पाय सिमेंटच्या तळावर दाबत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. खाली काही नव्हतं, तरी दाबत होते. तिला ते कळतही नव्हतं.

श्रियानं विचारलं, "आजी, तुमचा माग आहे अजून?"

मी वर छताकडे, वायरी बघायला लागलो. आक्का म्हणाली, "न्हाय गं बाळ. गुडघं धरलं माझं. मीच बंद केला."

माझंच खोटं तिनं माझ्यासाठी बोलून दाखवलं. आणि मग कशालाही न धरता, एका झटक्यात खड्ड्यातून उठून उभी राहिली. श्रियानं तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, ते वायरमनला शिव्या द्यायला. माणूस किती खालच्या पायरीला जातो ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी गप्पच बसलो.

सगळे खड्डे तिच्या सांगण्याप्रमाणे बदलले. गोपाळ सर पेपर घेऊन दोन तास बसले आणि उठून सरळ चालत गेले. श्रियानं माझं अभिनंदन केलं नाही. आजींना उद्घाटनाला आपण दोघांनी जाऊन बोलावू, एवढंच म्हणाली.

म्हणून आदल्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी, आम्ही शहापूरला गेलो. खंडेनवमीला प्रत्येक जण आपापल्या हत्यारांची पूजा करतो. मी दरवर्षी माझ्या ऑफिसात टेप, ड्रिल, कटर मांडून पूजा करतो, त्यामुळे त्या दिवशी आक्काकडे जायची वेळच आली नव्हती. लग्नानंतर मी वेगळा राहतो, तिच्याकडे जायचो ते दसऱ्याला संध्याकाळी, सोनं द्यायला. आणि दरवर्षी मला त्या खोलीत एका टाइलवर पिवळा डाग दिसायचा. दरवर्षी मी चिडायचो. एवढी चांगली फरशी घातली, तुला नीट ठेवता येत नाही का गं, हळद काय जमिनीवर कुटतेस काय? एकदा तर मी स्वतः ॲसिड आणून ब्रशनं तो डाग घासून काढला आणि वर तिला समजावलं की टाइल कशी पुसायची. ती बाजूला उभी राहून बघत होती. पुढच्या वर्षी डाग पुन्हा होता.

दार उघडंच होतं. आक्का जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर ती टाइल. टाइलवर हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं, नारळ, पांढऱ्या सुताची एक गुंडी आणि तिचा जुना धोटा. ती त्या टाइलला हात जोडून बसली होती.

माझ्या हातातली मिठाई खाली पडली की मी ठेवली ते आठवत नाही. ॲसिडचा वास मात्र आला. इतक्या वर्षांपूर्वीचा वास, पण आला. आक्कानं वळून पाहिलं आणि या बसा म्हणाली. श्रियानं हळूच विचारलं, आजी, इथे काय आहे? आक्का म्हणाली, काय न्हाय बाळ, सवय.

मी म्हटलं, "खाली तिचा खड्डा आहे. मी बुजवला. गुडघे धडधाकट आहेत तिचे, मीच गावभर खोटं सांगितलं. मला लाज वाटत होती."

एवढं बोलायला मला चौदा वर्षं लागली. आक्का चिडली नाही. "आता कशाला काढूलास रं ते," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आक्का, पावड्या जपून ठेवल्या नव्हत्या गं मी. आतच गाडल्यात. ती फुलं सरळ करत म्हणाली, "ठावं हाय. भरमानं त्याच आठवड्यात सांगितलंतं."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तेल लावून घेताना माहीत होतं, मी डाग घासत होतो तेव्हा माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? फरशी फोडून का घेतली नाहीस? तिनं माझ्याकडे पाहिलं, मी शाळेत जाताना बघायची तसं. "तुझं लगीन व्हायचं हुतं," ती म्हणाली.

मी भरमाला फोन करून पहार मागवली. तो आला, पहार माझ्या हातात दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसला. मदत करतो म्हणाला नाही. मीही मागितली नाही. आक्का म्हणाली, थांब, पूजा उचलू दे. तिनं धोटा, नारळ, फुलं एकेक करून ताटात घेतली आणि मागे सरकली. मी पहिली टाइल फोडली. एकेक तुकडा, विटा, पोत्याच्या चिंध्या, माझीच गंजलेली डबडी वर आली. दोन तास खणत होतो. बायका दारात जमल्या होत्या आणि राजाबाई विचारत होती, काय करूलास रं साईनाथ? मी मान वर केली नाही. नेहमीसारखं कुणावर खेकसलो असतो तर बरं वाटलं असतं, पण खेकसायला तोंडच उरलं नव्हतं.

तळाशी गेल्यावर आक्का म्हणाली, भिंतीच्या कडंला बघ. उजवी पावडी सापडली. बाभळीची, तिच्या यजमानांनी केलेली, ओली आणि काळी पडलेली, पण सबंध. डावीच्या जागी हात घातला तर मुठीत भुसा आला, आणि एक लोखंडी कडी. ती पावडी आंब्याच्या लाकडाची होती, वाळवीनं खाल्ली.

आक्कानं उजवी पावडी धुतली, पदरानं पुसली, हळदकुंकू लावलं आणि मांडीवर घेऊन बसली. मी खड्ड्यातच उभा होतो, मातीनं भरलेला. भरमा म्हणाला, सांगाडा माझ्या पडवीत हाय, गोणपाटात बांधून ठेवलाय, एक लाकूड मोडलेलं न्हाय. मला वाटलं आता सगळं निस्तरेल. मी मोठ्या आशेनं विचारलं, "आक्का, चालेल का गं ही?"

"एका पायानं इणता येत न्हाय रं," ती म्हणाली.

रागानं म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ती चहात साखर कमी आहे सांगावं तसं म्हणाली. मी म्हटलं, दुसरी करतो, आजच करतो, सागवानाची करतो. एकाहत्तर वर्षांची बाई, चौदा वर्षं गेलेली, मी कुठल्या तोंडानं आजच करतो म्हणत होतो कोण जाणे. मग ती सरकत काठाशी आली, पाय खाली सोडले आणि डावा पाय माझ्यापुढे धरला.

"माप घे," म्हणाली. "अंदाजानं करू नगंस."

माझ्या कमरेला टेप होता, मी खाली वाकलो. तिचा अंगठा रुंद होता, चपटा, पावडी दाबून दाबून पसरलेला. चौदा वर्षांत तो काही अरुंद झाला नव्हता. टेपचं टोक टाचेला लावलं आणि आकडा बघायला मान आणखी खाली घातली. आकडा दिसेना.

"किती आलं?" आक्कानं विचारलं.

मी म्हटलं, परत घेतो.